विमानाच्या शेपटीची शिवण

हर्णैच्या बंदरात होडेकरांच्या घराला सगळे शिडवाल्यांचं घर म्हणायचे. हमदुल्ला होडेकरच्या आजोबांनी आणि बापानं आयुष्यभर फतेमारी गलबतांची शिडं शिवली. हमदुल्लाचाही हात सुईवर तसाच बसला. १९५६ साली तो एका फतेमारीतून दुबईला निघाला, तो प्रवासी म्हणून. पण मस्कतच्या अलीकडे शीड उभं फाटलं आणि त्यानं ते भर वाऱ्यात, गुडघ्याखाली दाबून धरत, दोन दिवसांत शिवून दिलं. दुबईच्या देरा भागात, खाडीच्या धक्क्यावर उतरल्या उतरल्या नाखव्यानं त्याला एका अरब गलबतवाल्यासमोर उभं केलं आणि म्हणाला, "हा माणूस ठेवून घ्या."

तो राहिला. चार वर्षं काम भरपूर होतं. मग खाडीत शिरणाऱ्या गलबतांच्या पोटातून टक्‌टक् आवाज यायला लागला. इंजिनं आली. शिडं होती, पण नावाला, वारा बरा असला तर लावायची. हमदुल्लाची बायको झुबेदा तोवर अन्वरीला, त्यांच्या लेकीला, घेऊन देऱ्यात आली होती. खजुराच्या झावळ्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. हमदुल्ला दिवसभर धक्क्यावर बसून यायचा आणि झुबेदा काही विचारायची नाही. तिचं ते न विचारणंच त्याला टोचायचं.

वाट काढली ती मुश्ताकनं. मुश्ताक दाभोळचा, शारजाच्या विमानतळावर इंग्रजांच्या हवाई दलाच्या मेसमध्ये खानसामा होता. एका शुक्रवारी तो जेवायला आला आणि मासळीचं कालवण ओरपता ओरपता म्हणाला, "हमदुल्लाभाई, विमानात कापड किती असतं माहीत आहे? बसायच्या पट्ट्या कापडाच्या, जखमी न्यायची स्ट्रेचरं कापडाची, इंजिनावरची झाकणं कापडाची. सगळं फाटतं. त्यांचा सार्जंट रोज ओरडतो."

"मला इंग्रजी कुठं येतं?"

"त्याला हिंदुस्थानी येतं. लढाईत कराचीला होता. यल्ला, उद्या चल."

सार्जंटचं नाव टुलक. उंच, खांद्यात वाकलेला, कानाच्या पाळ्या उन्हानं सोललेल्या. विमानाची इंजिनं आणि सांगाडा सांभाळणं हे त्याचं काम, आणि विमान उडालं की तोही आत असायचा. त्यानं फाटक्या पट्ट्यांचा ढीग दाखवला आणि विचारलं, "कितना दिन?"

"तीन."

हमदुल्लानं दोन दिवसांत संपवलं. टुलकनं एक पट्टी उचलली, पक्कडीनं टाका धरून ओढला. टाका हलला नाही. त्यानं पक्कड खिशात घातली आणि मेसमधून दोन कप चहा मागवला. नोकरी लागली ती अशी.

त्यानंतर हमदुल्लाची बैठक हँगरच्या सावलीच्या बाजूला पडली. तळहातावर चामड्याचा पट्टा, शेजारी मेण लावलेल्या दोऱ्याची गुंडी, समोर धावपट्टी. मालवाहू विमानं यायची आणि जायची. एडन, मसिरा, बहरीन, नैरोबी ही नावं त्याच्या कानांना हर्णै, दाभोळ, जयगडसारखी सवयीची झाली. विमानांतून तंबू यायचे, टपाल यायचं, पाण्याचे पिंप यायचे, कधी शेळ्या, एकदा तर मेससाठी पियानो आला आणि उतरवताना त्याचा एक पाय मोडला. वैमानिक, दिशा बघणारा, बिनतारीवाला, टुलक, हे सगळे उतरले की शर्टावर घामाचं पांढरं मीठ असायचं आणि पहिली दहा मिनिटं एकमेकांशी ओरडून बोलायचे, कारण कानांत अजून इंजिन चालू असायचं. मग चहा. मग गप्पा.

टुलकची एक आठवण हमदुल्लाला फार आवडायची. लढाई संपल्यावर तीन वर्षांनी टुलकच्या विमानानं बर्लिन शहराला कोळसा पुरवला होता. रस्ते बंद झाले होते, म्हणून आकाशातून पोत्यांवर पोती. दिवसात तीन खेपा, पावसात, धुक्यात.

"कोळसा? विमानातून?" हमदुल्लाला वाटलं, गोरा आपली फिरकी घेतोय.

"खुदा कसम. कोयला ही कोयला. मेरा नाक से छह महिना काला पानी निकला. घर गया तो मेरा बीवी बोला, पहले नहाओ, फिर बात करो."

हमदुल्लानं ही गोष्ट घरी सांगितली तेव्हा झुबेदा डोळे पुसेपर्यंत हसली. "बायका सगळीकडे सारख्याच," ती म्हणाली.

विमानं त्याला आवडायची, पण जमिनीवर. आत बसून पट्ट्या शिवायला त्याची ना नव्हती. टुलकनं दोनदा विचारलं, चल, एक चक्कर मारू. दोन्ही वेळा हमदुल्लानं सुई दाखवून काम पडलंय असं सांगितलं. पाण्यात बुडालो तर पोहता येतं, वरून पडलो तर काय करायचं, हा त्याचा साधा हिशेब होता.

१९६४ च्या फेब्रुवारीत हा हिशेब मोडायची वेळ आली. दक्षिणेला, लिवाच्या बाजूला, वाळवंटात स्काउट म्हणवणाऱ्या अरब शिपायांच्या पलटणीची एक चौकी होती. वादळात तिथला मोठा तंबू चिरफाळला होता. तो शारजाला आणायचा तर गाडीनं दोन दिवस, परत न्यायला दोन. तोवर पंचवीस माणसं उघड्यावर. वैमानिक पेनरोझ, लालसर मिशांचा तरुण, स्वतः हँगरपाशी आला आणि टुलकमार्फत म्हणाला, "तंबू येऊ शकत नाही. शिवणारा येऊ शकेल का?"

हमदुल्लानं घरी विचारून सांगतो म्हटलं. त्याला वाटलं होतं झुबेदा नको म्हणेल आणि सुटका होईल. झुबेदानं तांदळाच्या भाकऱ्या भाजल्या, तळलेल्या सुरमईचे तुकडे केळीच्या पानाऐवजी वर्तमानपत्रात बांधले आणि म्हणाली, "इन्शाल्ला परवा याल. कानात कापूस घाला."

जातानाचा प्रवास त्यानं डोळे मिटून केला. विमान जुनं होतं, दोन इंजिनांचं, जमिनीवर शेपटी टेकून बसणारं. चौकीजवळच्या कडक खारट जमिनीवर ते उतरलं तेव्हा हमदुल्लाच्या मुठीत पट्टीचा कापडी काठ घामानं भिजला होता. पण तंबू समोर आला आणि तो सगळं विसरला. संध्याकाळपर्यंत तो त्या कापडाच्या डोंगरावर चढून शिवत राहिला. स्काउटांनी त्याला रात्रीच्या जेवणात बोकडाचा सगळ्यात चांगला तुकडा वाढला.

सकाळी निघायची तयारी चालू असताना दोन उंट आले. एकावर एक म्हातारा आडवा बांधलेला होता. त्याचं नाव खल्फान. विहिरी खणणारा. वाळूत विहीर खणताना बाजू ढासळू नये म्हणून लाकडं लावतात. तेच लाकूड निसटलं आणि वाळूसकट त्याच्या पायावर आलं. त्याला दीड दिवस झाला होता. चौकीवरच्या औषधवाल्या शिपायानं फडकं सोडून पाय बघितला आणि लगेच पुन्हा झाकला.

"आजच दुबईच्या हॉस्पिटलात पोचला पाहिजे," तो म्हणाला. "उद्या नेऊन उपयोग नाही."

स्ट्रेचर आलं. खल्फानला उतरवायच्या गडबडीत त्याच्या पुतण्यानं दुसऱ्या उंटाची दोरी सोडली. उंट दोन पावलं मागे सरला, विमानाच्या शेपटीखाली शिरला आणि मान घासायला लागला. पुतण्या ओरडत धावला. उंट दचकून उसळला आणि त्याच्या खोगिराचा लाकडी खुंट शेपटीच्या आडव्या पट्टीत घुसला. फर्रर्र आवाज आला. हमदुल्लानं तो आवाज न बघता ओळखला. कापड फाटल्याचा होता.

तो धावत गेला. हातभर लांब चीर पडली होती. आतल्या धातूच्या बरगड्या दिसत होत्या.

"हे कापड आहे?" त्यानं टुलकला विचारलं. "मला वाटलं, सगळं पत्र्याचं."

"बाकी सब पत्रा. ये पट्टी पे कपडा." टुलक त्या चिरेवर वाकून बघत होता. मग त्यानं समजावलं. ही पट्टी वर-खाली हलते म्हणून विमानाचं नाक वर-खाली होतं. वर तागाचं बारीक कापड ताणून रोगण चढवलेलं असतं. चीर अशीच ठेवून उडालं तर वारा आत शिरून सगळं कापड सोलून काढेल.

पेनरोझनं बिनतारीवरून शारजाला विचारलं. उत्तर आलं: दुसरं विमान एडनला गेलंय, उद्या दुपारच्या आत नाही, आणि उद्यापासून शमाल, वाळू उडवणारा उत्तरेचा वारा, सुटणार आहे. गाडीनं दोन दिवस. सगळ्यांची नजर स्ट्रेचरवर गेली. खल्फान डोळे उघडे ठेवून आकाशाकडे बघत होता.

टुलकनं हत्यारांच्या पेटीतून कापडाचे तुकडे, रोगणाचा अर्धा डबा आणि एक गंजलेली सुई काढली. "मैं ये काम बीस बरस पहले सीखा," तो म्हणाला. "एक बार किया. परीक्षा में." मग तो पेनरोझशी इंग्रजीत बराच वेळ बोलला. बोलता बोलता दोघंही हमदुल्लाकडे बघायला लागले.

"साहब पूछता है," टुलक म्हणाला, "तू सिएगा तो टिकेगा?"

हमदुल्लानं फाटलेल्या काठावर अंगठा फिरवला. रोगणानं कडक झालेलं, पण पातळ कापड.

"शीड असतं तर आत्ता हो म्हणालो असतो," तो म्हणाला. "हे कापड माझ्या हाताखालून कधी गेलं नाही. आधी मला एक तुकडा द्या."

त्यानं तुकडा मधोमध फाडला आणि जाड दाभण घेऊन शिवला. दोन स्काउटांनी दोन्हीकडून ओढलं. कापड दाभणाच्या भोकांवरून सरळ फाटलं. पेनरोझनं मान फिरवली. हमदुल्ला मात्र खूश झाला, कारण काय चुकलं ते त्याला दिसलं होतं. भोकं मोठी होती. त्यानं आपल्या पिशवीतून वाकडी, बारीक सुई काढली. विमानातल्या गाद्यांचे कोपरे तो हिनंच शिवायचा. टाके जवळजवळ घातले, काठाला काठ भिडवून, मध्ये मध्ये गाठ मारत, म्हणजे एक टाका तुटला तरी पुढचा सुटणार नाही.

"ओढा."

स्काउटांनी ओढलं. मग टुलकनं एका बाजूला लटकून ओढलं. शेवटी कापड फाटलं, पण शिवणीपासून चार बोटं लांब.

"खलास, ये चलेगा," टुलक म्हणाला आणि पेनरोझकडे वळला. पेनरोझनं घड्याळ बघितलं आणि होकार दिला.

रसदीच्या खोक्यावर पाठ टेकून, शेपटीखाली आडवं पडून हमदुल्ला शिवायला लागला. उन्हं चढत होती. ज्याच्या उंटानं हे केलं होतं तो पुतण्या घोंगडी धरून सावली करत उभा राहिला. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. "धागा हलका, हमदुल्ला," टुलक मधून मधून बजावत होता. "पट्टी भारी नहीं होना." म्हणून जिथं शिडाला दुहेरी दोरा लागला असता तिथं हमदुल्लानं एकेरीच ठेवला. मेणाचं बोट फिरवून, एकेक टाका ओढून बघून तो पुढं सरकत होता. वाऱ्याची एखादी झुळूक आली की फाटलेला काठ फडफडायचा आणि तो दातांत दोरा धरून तळहातानं काठ दाबून ठेवायचा.

विमानाच्या सावलीत स्ट्रेचरवर खल्फान होता. औषधवाल्यानं दिलेल्या सुईनं त्याचं दुखणं थोडं उतरलं होतं, आणि दुखणं उतरलं की त्या म्हाताऱ्याला बोलायला लागायचं.

"तू शिंपी आहेस?" त्यानं अरबीत विचारलं.

"शिडं शिवतो, बाबा."

"इथं समुद्र कुठं आहे?"

"नाही. म्हणून हे शिवतोय."

खल्फानला हसू आलं आणि हसताना पाय दुखला म्हणून तो कण्हला. मग म्हणाला, "मी सहा उन्हाळे मोत्यांच्या गलबतावर होतो. बुडी मारायचो. आमच्याकडचे पुष्कळ जण जायचे. आमच्या गलबताचं शीड शिवायला एक हिंदी माणूस होता. फार शिव्या द्यायचा."

"मीही देतो," हमदुल्ला म्हणाला. "आत्ता तोंडात दोरा आहे."

दीड तासात शिवण संपली. टुलकनं वर कापडाचा पट्टा चिकटवला, रोगणाचे हात दिले आणि ते वाळेपर्यंत सगळे त्या पट्टीकडे बघत बसले. रोगण वाळलं की कापड आवळतं. शिवणीभोवतालच्या सुरकुत्या हळूहळू विरल्या. टुलकनं बोटानं टिचकी मारली. ढोलकीसारखा आवाज आला.

मग तो हमदुल्लाला बाजूला घेऊन म्हणाला, "परसों यहाँ से गाडी जाएगा. तू चाहे तो गाडी में आ. कोई कुछ नहीं बोलेगा."

हमदुल्लाच्या मनात आधी सुटकाच आली, हे त्यानं पुढं कधी लपवलं नाही. गाडी, वाळू, चार दिवसांनी देरा. मग त्यानं बघितलं, तर पेनरोझ चढत होता, बिनतारीवाला चढला होता, आणि चौघंजण खल्फानचं स्ट्रेचर आत सरकवत होते. कोणी त्याच्या शिवणीकडे वळून बघत नव्हतं. इतका भरवसा टाकून हे चालले आणि आपण इथं वाळूत बसून गाडीची वाट बघायची, हे त्याला झेपेना.

"मी येतो," तो म्हणाला. "म्हाताऱ्याशी बोलायला कोणीतरी पाहिजे."

विमान धावायला लागलं. शेपटी उचलली गेली. याच वेळी त्या पट्टीवर सगळ्यात जास्त ताण येतो हे टुलकनं मघाशीच सांगितलं होतं. ते सांगितलं नसतं तर बरं झालं असतं, असं हमदुल्लाला वाटलं. त्यानं कलमा म्हटला. चाकांचा खडखडाट थांबला. टुलक मागच्या खिडकीला नाक लावून शेपटीकडे बघत होता. बराच वेळ त्यानं मान हलवली नाही. मग वळून अंगठा वर केला.

वाटेत तापलेल्या वाळूवरची हवा विमानाला खालून धक्के देत होती. प्रत्येक धक्क्याला खल्फान हमदुल्लाचं मनगट आवळायचा. "हे काय आहे?" त्यानं ओरडून विचारलं.

"लाटा आहेत, बाबा," हमदुल्लानं त्याच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं. बोलता बोलता त्याच्याच ध्यानात आलं की खरंच तशाच आहेत. चढायचं, क्षणभर थांबायचं, उतरायचं. पुढं पेनरोझ धक्का यायच्या आत थोडं सैल सोडत होता, जसा चांगला नाखवा सुकाणू सोडतो. हमदुल्लानं पहिल्यांदा खिडकीतून खाली बघितलं. पिवळ्या वाळूच्या घड्या क्षितिजापर्यंत गेल्या होत्या, आणि त्यांच्यावरून विमानाची लहानशी सावली पळत होती. तो बघतच राहिला. शारजाची धावपट्टी आली ती त्याला लवकर आल्यासारखी वाटली.

हॉस्पिटलची गाडी तयार होती. खल्फानला नेताना त्यानं हमदुल्लाचं मनगट सोडलं नाही; शिपायाला बोटं सोडवावी लागली.

विमानतळावर एक वरचा अधिकारी होता, यंत्रविभागाचा. त्यानं शिवण बघितली आणि टुलकवर असा भडकला की हँगरमधली माणसं बाहेर आली. नियमात न बसणारी दुरुस्ती, बाहेरच्या माणसाकडून, आणि वर रोगी घेऊन उड्डाण! टुलक ताठ उभा राहून ऐकत होता. सगळं बोलून झाल्यावर अधिकाऱ्यानं चिकटवलेला पट्टा सोलायला लावला आणि शिवणीवर भिंग धरलं. खूप वेळ धरलं. मग भिंग मिटलं आणि विचारलं, "हा माणूस कुठं आहे?"

हमदुल्ला पुढं झाला. अधिकारी काहीतरी तुटक बोलून निघून गेला.

"काय म्हणाला?" हमदुल्लानं घाबरत विचारलं.

"बोला, ये सब कपडा निकाल के नया लगाओ," टुलक म्हणाला. मग त्याच्या सोललेल्या कानांपर्यंत हसू पसरलं. "और बोला, सोमवार से तू हमारा लडका लोग को ये टाका सिखाएगा."

संध्याकाळी हमदुल्ला घरी पोचला. मुश्ताकनं आधीच येऊन सगळी बातमी सांगितली होती, आणि तीही मीठमसाला लावून. त्याच्या सांगण्यात उंट एकाचे तीन झाले होते. अन्वरी बापाच्या गळ्यात पडली. झुबेदानं ताटात भात वाढला, समोर बसली आणि मुश्ताक गेल्यावर विचारलं, "भीती वाटली?"

"जाताना वाटली. येताना कामात होतो."

"येताना कसलं काम? शिवण तर झाली होती."

"म्हाताऱ्याशी बोलत होतो."

झुबेदानं त्याच्या उजव्या हाताकडे बघितलं. मनगटावर पाच बोटांचे काळेनिळे वळ उमटले होते. ती उठून तेल गरम करायला गेली.

खल्फानचा पाय वाचला. गुडघा पुरता वाकत नाही एवढंच. ऑगस्टमध्ये, विहिरींची कामं बंद असताना, तो पुतण्याला घेऊन देऱ्यात आला. शिडवाला हिंदी कुठं राहतो असं धक्क्यावर विचारत विचारत तो झावळ्यांच्या घरापाशी पोचला. बरोबर लिवाच्या खजुरांनी भरलेली एक मोठी टोपली होती. झुबेदानं पडद्याआडून सलाम केला आणि कोलंबीचं कालवण रांधलं. तिनं तिखट कमी घातलं होतं, तरी म्हाताऱ्याच्या कपाळावर घाम आला, नाक वाहायला लागलं, आणि तो नको म्हणेना.

"अजून आहे का?" त्यानं विचारलं.

हमदुल्लानं भांडंच पुढं सरकवलं. मुश्ताक आला, शुक्रवार होता म्हणून टुलकही एक बिस्किटांचा डबा काखेत मारून आला. त्याला जमिनीवर मांडी घालता येईना, तेव्हा अन्वरीनं त्याला एक उशी आणून दिली. खल्फाननं मोत्यांच्या गलबतावरच्या गोष्टी काढल्या, हमदुल्ला त्या टुलकला हिंदुस्थानीत सांगत होता, आणि टुलकचं बर्लिन हमदुल्ला खल्फानला अरबीत सांगत होता. कोळशाच्या पोत्यांपाशी आल्यावर म्हाताऱ्यानं जेवता जेवता हात थांबवला.

"कोळसा?" तो म्हणाला. "विमानातून?"

"खुदा कसम," हमदुल्ला म्हणाला आणि त्याच्या पानात आणखी दोन कोलंब्या वाढल्या.